आधी चलन, मग पैसे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

तालुक्याच्या रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवली तर काय करायचं, हे फोनवर सांगताना अर्धं राहून जातं. म्हणून लिहूनच पाठवते.

तोडपाणी बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतं: "पावती केली तर दोन हजार होतील, बघा काय ते." बाबा, इथे खिशात हात घालायचा नाही. "साहेब, चलन करा," एवढंच म्हणायचं. विम्याची मुदत संपली असेल तर पहिल्या वेळचा दंड खरंच 2,000 रुपये आहे. आकडा खरा असतो, सवलत खोटी असते. चलनावर, म्हणजे दंडाच्या अधिकृत पावतीवर, क्रमांक, वेळ, ठिकाण आणि कलम येतं. पैसे तिथल्या तिथे दिलेच पाहिजेत असं नाही, नंतर ऑनलाइन भरता येतात. हातात सरकवलेल्या नोटेचा पुरावा कुठेच राहत नाही आणि पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064.

गणवेशातल्या पोलिसाने लायसन मागितलं तर ते दाखवावंच लागतं, त्यावर हुज्जत नको. डिजिलॉकरमधले कागद चालतात. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही, आणि रेंज नसेल तर डिजिलॉकरही उघडत नाही. आपल्याकडे रेंज नेमकी तिथेच जाते. म्हणून लायसन आणि आरसीचं कार्ड, विमा आणि पीयूसीची प्रिंट गाडीतच ठेवा.

आता खरी अडचण होते ती जप्तीच्या धमकीने. मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली गाडी अडकवता येते ती विनालायसन, विनानोंदणी किंवा विनापरमिट चालवल्यास. विमा आणि पीयूसी त्या यादीत नाहीत, त्यांचा दंड वेगळा. हवालदाराने हात घालून चावी काढून घ्यावी असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण हिसकाहिसकी करू नका. "साहेब, कोणत्या कलमाखाली?" असं शांतपणे विचारा. लायसन ठेवून घेतलं तर कलम 206 प्रमाणे तात्पुरती पोच द्यावी लागते. ती पोच हातात असेल तर एरवी लायसन परत मिळेपर्यंत किंवा तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते; पण अतिवेग, धोकादायक किंवा दारू पिऊन चालवणं अशा गुन्ह्यांत लायसन घेतलं असेल तर पोचेवर चालवता येत नाही. ती न घेता निघालात, तर पुढच्या नाकाबंदीत तुम्ही विनालायसन ठरता.

"सरकारी कामात अडथळा" हे कलम तोंडावर फेकलं जातं: जुन्या भारतीय दंड संहितेतलं 353, आता भारतीय न्याय संहितेतलं 132. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसतं विचारणं पुरत नाही. तरी आवाज चढवू नका, अंगाला हात लागेल इतकं जवळ जाऊ नका. रात्री निर्जन रस्त्यावर तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढायचा हट्टही नको. साधं प्रकरण त्यानेच चिघळतं, असं माझं मत.

आई, त्यापेक्षा तू शेजारी बसून टिपून घे: छातीवरच्या पट्टीवरचं नाव, पोलीस गाडीचा नंबर, वेळ, जवळचा किलोमीटरचा दगड. पट्टी नसेल तर "पट्टी नव्हती" असंही लिही. धक्काबुक्की किंवा शिवीगाळ सुरू झाली तर 112 लाव. तक्रार त्याच ठाण्यात देऊन सहसा हाती काही लागत नाही. ती जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी द्यायची, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पुढची पायरी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण.

चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) उघडू नका, ती फसवणूक असते. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन असतं.

बाबा, पंचावन्नच्या पुढे लायसन पाचच वर्षांचं मिळतं. आधी मुदतीनंतर 30 दिवस चालायचं, ती सूट 2019 च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. तुमच्या कार्डावरची तारीख बघून कळवा. अर्ज मी इथून भरते, तुम्ही डॉक्टरांकडून फॉर्म 1ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, तेवढा भरून घ्या. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल. मी फोन करेन तेव्हा मलाच सांगा, दुसऱ्या कुणी विचारला तर नाही.

तुमची,
लेक