बापू, तुझंच खरं होतं

फ्लॉरेन्स, रात्री साडेअकरा

बापू,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट बाजूला टाकू नकोस, आधी वाच. तब्येत बरी आहे, गुडघा जिन्यावर दुखतो तेवढाच. लेक मिलानला नोकरीला लागली, तिनं हट्टानं इथं आणलं.

सकाळी सान्ता क्रोचे चर्चमध्ये गेलो होतो. आत, पाद्र्यांचे झगे ठेवायच्या खोलीत, चिमाब्वे या जुन्या इटालियन चित्रकारानं रंगवलेला क्रूस टांगलाय. आपल्या चित्रकलेच्या सरांच्या पुस्तकात काळापांढरा बघितला होता, तोच. तेराव्या शतकातला, चार मीटरहून उंच. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी गावात शिरली, आणि पाण्याबरोबर चिखल आणि तळघरांतलं जळणाचं तेलही आलं. क्रूसाचा जवळजवळ साठ टक्के रंग गेला. माणसांनी चिखलातून रंगाच्या खपल्या वेचल्या.

पण दहा वर्षं खपून त्यांनी काय केलं बघ. चेहऱ्याचा गेलेला भाग कुणीही नव्यानं रंगवला नाही. तिथं पिवळ्या, लाल, हिरव्या, काळ्या बारीक रेषांची नुसती वीण आहे. लांबून ती शेजारच्या रंगात मिसळते. लेकीच्या फोनवर मोठं करून पाहिलं तर स्पष्ट कळतं, इथवर चिमाब्वे, इथून पुढं पूर.

मी भिंतीला टेकलो. लेक विचारायला लागली, बाबा काय झालं? तिला काय सांगू? तुलाच कळेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ओसरल्यावर सरांचं रंकाळ्याचं चित्र माझ्या तळमजल्यातून निघालं. घाटावर धुणं धुणाऱ्या बाईचा चेहरा आणि खांदा गेला होता. तू म्हणालास, मुंबईच्या म्युझियममध्ये दुरुस्ती विभाग आहे, तिकडं पाठवू, तोवर हात लावू नको. मी म्हटलं, महिना दीड महिना कोण थांबणार, सरांच्या हाताखाली मी पाच वर्षं काढलीत. रात्रीत बसून तेलरंगात चेहरा भरला, वर वॉर्निशही दिलं. तू बघितलंस आणि म्हणालास, "हे आता सरांचं राहिलं नाही." मग मी तुला जे बोललो, पुरात पुण्यात बसून सल्ले देणारा वगैरे, ते लिहायलाही हात धजत नाही. वहिनी दारात उभ्या होत्या.

इथंच, त्याच इमारतीत, वसारी या चित्रकाराचं 'लास्ट सपर' हे चित्र आहे. तेही त्याच पुरात भिजलं. रंग सुटू नये म्हणून वर कागद चिकटवून ठेवलं आणि थांबले. २०१६ ला ते परत जागेवर लागलं, पन्नास वर्षांनी! मला दीड महिना निघाला नाही, बापू.

आता एकच घोर लागलाय. इथली माणसं असल्या जागा जलरंगानं भरतात, उद्या कुणाला काढायचा झाला तर निघावा म्हणून. माझा तेलरंग एव्हाना घट्ट झाला असणार. तो काढताना खालची सरांची उरलीसुरली निळी छटा निघून गेली तर? टर्पेंटाइनचा बोळा मी परत हातात घेणार नाही. जाणत्या माणसाच्या हाती ते द्यायचं, आणि तू बरोबर असशील तरच.

संध्याकाळी आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांना, म्हणजे त्यांच्या स्मारकाला, भेटून आलो. कासिने बागेच्या टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथं. विलायतेहून परतताना १८७० मध्ये इथं वारले, वीस वर्षांचं पोर. इथंच नदीकाठी दहन केलं. छत्रीखाली फेटा बांधलेला पुतळा आहे, शेजारच्या पुलालाही इथले लोक 'इंडियानो' म्हणतात. सर वर्गात हे सांगायचे तेव्हा तू म्हणाला होतास, सर थापा मारतात, आणि मिसळीची पैज लावली होतीस. फोटो काढलाय. मिसळ तू हरलास!

वहिनींचं ऑपरेशन झालं असं उडत उडत कळलं, आता कशा आहेत? चिनूच्या लग्नाला आलो नाही, ते मनाला फार लागून आहे. पोरगी कुठं दिलीस, तेही मला माहीत नाही.

पंधरा दिवसांत कोल्हापुरात असेन. चित्र माळ्यावर धोतरात गुंडाळून ठेवलंय, मागची सरांची सही शाबूत आहे. तू येईपर्यंत सोडणार नाही.

तुझा,
आप्पा