चिऱ्याची जुनी वास्तू हलवण्याआधी

माननीय संपादक,

रस्तारुंदीचा विषय निघाला की ‘जुनी वास्तू उचलून दुसरीकडे बसवा’ असे सर्रास सुचवले जाते. दाखला आपल्या गोव्यातल्या कुर्डी गावच्या महादेव मंदिराचा. साळावली धरणाच्या पाण्याखाली जाऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याने ते सुटे करून धरणाजवळ पुन्हा उभारले. आम्हा सांगेकरांना त्याचा अभिमान आहेच. पण ते आटोपशीर, दगडी देऊळ. मोठ्या वाड्याची किंवा चर्चची गोष्ट वेगळी.

मी आयुष्यभर बांधकामावर देखरेख केली. जुन्या भिंतीतला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, पहारीने सैल करताना त्याच्या कडा हातात येतात, चुना भुगा होऊन गळतो. भिंतीच्या पोटात नुसती माती नि दगडगोटे. पुन्हा जुळवण्यासाठी दगडांवर क्रमांक घालतात, ते इथे घालणार कशावर? असली भिंत उतरवली की नव्या जागी उभी राहते ती नक्कल.

अख्खी इमारत सरकवता येते, हे खरे. युरोपात झेकिया देशातल्या मोस्त शहराचे चर्च १९७५ साली रुळांवरून ८४१ मीटर नेले. पण त्याचा मनोरा आधीच उतरवला होता आणि कोळशाच्या खाणीसाठी भोवतालचे जुने शहर पाडत आणले होते. आपल्याकडे वाटेत घरे, विहिरी, उतार. शिवाय पावसाळ्याचे चार महिने तर काम बंदच.

म्हणून सरकारने आधी भिंतींची तपासणी करावी, अहवाल पंचायतीत मराठी-कोंकणीतून ठेवावा आणि रस्ता वळवण्याचा खर्चही त्याच कागदावर मांडावा.

– एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, सांगे