खजिन्याचे खोके सरपणाला

महोदय,

रविवारच्या अंकातली 'बॅटरीच्या काळ्या सोन्याचा देशात खजिना' ही ग्रॅफाइटबद्दलची बातमी वाचली. सोबत छापलेला फोटो दगडी कोळशाच्या खाणीचा आहे. उमरेडकडे एकदा जाऊन आलेला नागपूरकरही ते ओळखेल. कोळसा काळा, ग्रॅफाइटही काळं आणि दोन्हींत कार्बन, इथपर्यंत आपल्या उपसंपादकांचं बरोबर आहे. पुढचं कुणाला तरी विचारायला हवं होतं.

देशात 21 कोटी टन ग्रॅफाइट असल्याने आता चीनच्या तोंडाकडे बघायला नको, असं आपण लिहिलंत. आकडा खरा आहे, पण तो संसाधनांचा, म्हणजे जमिनीत असल्याच्या अंदाजाचा, आहे आणि तोही दगडाचा, कार्बनचा नव्हे. त्या दगडात कार्बन कुठे पाच टक्के, कुठे पंधरा. त्यातला खाण काढून परवडेल असा साठा 85 लाख टनांच्या घरात. बाकीचा मोठा हिस्सा अरुणाचल आणि जम्मू-काश्मीरच्या डोंगरांत. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कोठीत ज्वारी येत नाही. हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्सला आहे. ऑटोने जायला फार पैसे पडत नाहीत.

2023 च्या फेब्रुवारीत जम्मूतल्या रियासीत 59 लाख टन लिथियम सापडल्याचा असाच गाजावाजा झाला होता. पुढे लिलाव पुकारला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत. ती बातमी कुठल्या पानावर, किती ओळींत आली होती, हे आपणच शोधून पाहावं.

असो. चुकीच्या आकड्यांसाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो, या वयात तेवढं सोसायची सवय झाली आहे. पण बातमीच्या शेवटी एक वाक्य आहे: 'झारखंडच्या पलामू पट्ट्यात नव्याने ड्रिलिंग करावं लागेल.'

नव्याने का? आम्ही भूवैज्ञानिक काय तिथे डाल्टनगंजची हवा खायला गेलो होतो?

ग्रॅफाइटमध्ये बोअर घेणं म्हणजे काय हे वातानुकूलित खोलीत कळायचं नाही. ग्रॅफाइटी शिस्ट हा खडक इतका मऊ आणि ठिसूळ की रिगने, म्हणजे बोअरच्या यंत्राने, जरा घाई केली की कोअर बॅरलमधून कोअर, म्हणजे दगडाचा अखंड दांडा, निघण्याऐवजी नुसता चिखल निघतो. बोअरमधून परत येणारं पाणी चंदेरी करडं झालं की पट्टा लागला समजायचं. मग एका वेळी फूट-दीड फूटच खोदायचं, प्रत्येक तुकडा हाताने खोक्यात ओळीने लावायचा आणि मध्ये तो किती खोलवरचा ते लिहिलेली पट्टी ठेवायची. हात असे काळे बुळबुळीत होत की जेवताना भाकरीवर ठसे उमटत. त्या कोअरचे उभे दोन भाग करायचे. एक भाग तपासणीला जातो. दुसरा तसाच खोक्यात जपून ठेवायचा असतो. कुणाला उद्या शंका आली, नवा प्रश्न पडला, तर दगड हजर हवा म्हणून.

तर तो आमचा अर्धा कोअर. निवृत्तीच्या आधी काही कामाने तिकडे गेलो तेव्हा सहज शेडमध्ये डोकावलो. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याचं नाव इथे घेत नाही. शेडचं अर्धं छप्पर उडालेलं. खोक्यांची झाकणं आणि बाजूच्या फळ्या गायब. चौकीदाराला विचारलं तर तो अगदी सरळ म्हणाला, "साहेब, थंडी में जला दिया." त्याला काय बोलणार? त्याच्या लेखी तो दगड होता आणि लाकूड लाकूड होतं. कोअर शेडमागच्या खड्ड्यात भरून टाकलेला. दहा मीटरवरचा तुकडा कुठला आणि शंभर मीटरवरचा कुठला, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वरिष्ठांना पत्र लिहिलं. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर आलं. उत्तर मात्र मी जपून ठेवलं आहे.

हे आज का सांगतो? आमच्या वेळी ग्रॅफाइट हवं होतं ते मुशींना आणि भट्टीच्या विटांना. तपासणीत विचारायचे ते मुख्यतः स्थिर कार्बन किती एवढंच. बॅटरीवाल्यांचे प्रश्न निराळे आहेत: फ्लेक म्हणजे ग्रॅफाइटचे पापुद्रे केवढे, त्यांत अभ्रक आणि क्वार्ट्झ कसं गुंतलंय, फ्लोटेशनमध्ये, म्हणजे फेसावर तरंगवून वेगळं करताना, ते सुटतं का. हे त्याच अर्ध्या कोअरच्या चकत्या कापून पाहता आलं असतं. डिसेंबर 2023 मध्ये भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं, चांगली गोष्ट आहे. आमचे जुने अहवालही त्यावर चढतील. पण संगणकावरच्या कागदातून दगडाची चकती कापता येत नाही. म्हणून परत रिग, परत डिझेल, परत तोच डोंगर. पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच.

आणि दगड सापडला तरी बॅटरी फार लांब असते. फ्लेक दळून, घासून गोल करताना निम्म्याच्या आसपास माल भुकटी होऊन बाजूला पडतो. उरलेला 99.95 टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचा, आणि तो बहुतेक ठिकाणी हायड्रोफ्लोरिक आम्लाने, जे हाडापर्यंत जातं. त्यावर कार्बनचा लेप. चीनची दादागिरी आहे ती या कारखान्यांची. बॅटरीत जाणाऱ्या ग्रॅफाइटपैकी 90 टक्क्यांहून जास्त तिथे तयार होतं. म्हणून तर 1 डिसेंबर 2023 पासून त्यांनी निर्यातीला परवाने लावले आणि जगाची झोप उडाली. हे आम्ल वापरणारा कारखाना कुठे उभारायचा आणि त्याचं सांडपाणी कुठे सोडायचं, याबद्दल आपल्या बातमीत अवाक्षर नाही.

माझी मागणी छोटी आहे. आता सरकारी पैशाने जे बोअर घेतले जात आहेत त्यांचा अर्धा कोअर कुठल्या शेडमध्ये, कुणाच्या सहीने ठेवला जातो आणि तो पाहायला मिळतो का, एवढं आपल्या प्रतिनिधीने विचारावं. उत्तर मिळालं तर पहिल्या पानावर छापावं. पहिलं पान म्हणजे हल्ली आपल्याकडे दागिने आणि फ्लॅटच्या चार पानी जाहिरातींनंतर जे सापडतं, ते.

— एक निवृत्त भूवैज्ञानिक, प्रतापनगर, नागपूर