डिकीतली पाण्याची बाटली

पुणे, कोथरूड

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर सांगितलं असतं तर "गॅरेजवाल्याकडे टाक की" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता, म्हणून लिहितेय. वॅगन-आरचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आणि गिअर ऑईल मी स्वतः बदललं, रविवारी, आमच्या पार्किंगमध्ये. आई, तुझ्यासाठी आधीच सांगते, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरले नव्हते. स्टँड लावले होते.

रेडिएटरचा खालचा पाइप काढला तर हिरव्या कूलंटऐवजी फुळकवणी चहासारखं तांबूस पाणी आलं. खंबाटकी चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर गेला की तुम्ही कडेला थांबून डिकीतली बाटली ओतायचात ना, कधी नळाचं, कधी ढाब्यावरच्या बोअरचं? गिझरच्या कॉइलवर बसतात तसे त्याचे क्षार आत बसतात, गंज वेगळाच. तुम्हाला दोष देत नाही, घरी तर आपण पोचायचो! पण खरा चोर वेगळाच निघाला. रेडिएटरच्या टोपणाचं रबर पार तडकलं होतं. ते टोपण आत दाब धरतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. दाबच सुटला तर घाटात उकळणारच. नाना पेठेतून नवं टोपण आणलं. आत तीनदा धुतलं, शेवटचं डिस्टिल्ड वॉटरने, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हवा निघावी म्हणून इंजिन चालू ठेवून, हीटर फुल्ल लावून ऐन मे महिन्यात घामाघूम बसले होते. खालच्या काकू विचारून गेल्या, "एसी बिघडला का गं?" रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला, तेव्हा जिवात जीव आला.

जुनं पाणी गटारात नाही ओतलं. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं, सोसायटीतली मांजरं चाटतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवर दिलं.

गिअर ऑईलचं काम मात्र घाम काढणारं. आधी वरचं, भरायचं बूच सुटतंय का ते बघायचं. खालचं आधी काढून तेल सांडलं आणि वरचं जाम निघालं तर गाडी जागची हलायची नाही. आपलं जामच होतं. पान्ह्याला लांब पाइप अडकवून जोर लावला, तेव्हा कर्रकन सुटलं. खालच्या बुचाच्या चुंबकावर लोखंडाच्या चुऱ्याचा काळा गाळ होता, पण गिअरचा तुटलेला दात वगैरे काही नाही. दुकानदार जीएल-5 दर्जाचं तेल गळ्यात मारत होता, "मॅडम, हे भारी आहे." गाडीच्या पुस्तकात जीएल-4 लिहिलंय. जीएल-5मधली गंधकाची रसायनं गिअर जुळवणाऱ्या आतल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत, म्हणून मी हटले नाही. सकाळी अडणारा दुसरा गिअर आता निमूट पडतो.

2009ची गाडी, विकून टाक, असं तुम्ही दर दिवाळीला म्हणता. शनिवारी साताऱ्याला तीच घेऊन येतेय. परत येताना तुम्ही दोघं पुण्याला चला. बाबा, तुम्ही पुढे बसा आणि काट्यावर नजर ठेवा. बाटली मात्र डिकीत सापडणार नाही.

आई, तुझं रॉकेलचं नरसाळं वापरलं. वास जाईना, तेव्हा ते आता गाडीचंच समज.

तुमची,
धाकटी