स्वराज द्वीपला एक रात्र पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीत अंदमानला जाणाऱ्यांचे बेत सध्या ठरत असतील, म्हणून हे पत्र. आपल्याकडच्या बहुतेक सहलींत सेल्युलर जेल, रॉस बेट आणि मग हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, एका रात्रीत उरकायचे असते. सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय मराठी माणसाने तिथून परतू नये, हे मलाही मान्य आहे. तक्रार आहे ती हॅवलॉकला होणाऱ्या घाईबद्दल.

दुपारी बोटीतून उतरायचे, राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायचा, सकाळी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी (डाइव्ह), आणि लगेच परतीची बोट. आम्ही या वेळी गटाबरोबर न जाता तिथेच निवांत मुक्काम केला. पहिल्या डाइव्हसाठी पोहता यायलाच हवे असे नाही. प्रशिक्षक सतत सोबत असतो आणि १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. पण तोंडाने श्वास घेणे, खाली जाताना नाक चिमटीत धरून कानातला दाब मोकळा करणे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. माझ्या पत्नीच्या कानाला दडे बसले. प्रशिक्षकाने खूण करून तिला थोडे वर घेतले, थांबवले, कान मोकळे झाल्यावर सावकाश पुन्हा खाली नेले. पुढे अॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाच्या झुलत्या धाग्यांतून डोकावणाऱ्या नारिंगी क्लाऊनफिशपाशी ती अशी रमली की वर यायलाच तयार होईना. मागे पुढचा गट ताटकळत असता तर इतका धीर कोणी धरला असता?

उरलेला वेळ भाड्याच्या स्कूटरवर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही गावे. तीन नंबर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावच्या बाजारात माशाचा झोल आणि भात, आजूबाजूला सुपारीच्या बागा. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा भटकंती सकाळीच करावी.

एका गोष्टीने मात्र जीव हळहळला. फोटोसाठी लोक प्रवाळांवर चक्क उभे राहतात. समुद्र तापल्यामुळे २०१० मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. दगडासारखे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, आणि ते उचलून आणणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. एक डाइव्ह केली तर किमान १२ तास, अनेक केल्या तर किमान १८ तास विमानात बसायचे नसते. पाण्याखाली शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे, विमानातला हवेचा दाब कमी झाल्यावर, बुडबुडे होऊ शकतात. असे असूनही सकाळी स्कूबा आणि त्याच दुपारी विमान, असा एका कंपनीचा छापील कार्यक्रम मी वाचला. सहल कंपन्यांनी स्वराज द्वीपला निदान तीन रात्री द्याव्यात, स्कूबा मधल्या दिवशी ठेवावे आणि तासांची ही अट कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापावी. पैसे भरण्यापूर्वी वाचकांनीही ती विचारून घ्यावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली