सीमेवरचे ‘कोल्हे’

अमेरिका-मेक्सिको सीमेवरील स्थलांतरितांविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. लेख माहितीपूर्ण असला, तरी ‘या कुटुंबाने कोल्ह्यांना पैसे देऊन वाळवंट ओलांडले’ या वाक्याशी अडखळायला झाले. मूळ मजकुरात ‘कोयोते’ असणार; हे मुळात तिकडच्या लांडग्यासारख्या एका रानटी प्राण्याचे नाव. हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’वरून स्पॅनिशमध्ये आला आणि तेथून इंग्रजीत गेला. मेक्सिको सिटीतील ‘कोयोआकान’ या भागाच्या नावातही तोच प्राणी आहे. पण बोलीत ‘कोयोते’ म्हणजे पैसे घेऊन लोकांना चोरवाटेने सीमेपलीकडे नेणारा माणूस. मेक्सिकोत सरकारी कचेरीबाहेर उभे राहून कागदपत्रे करून देणाऱ्या दलालालाही हेच नाव आहे. (आपल्याकडे त्याला नुसते ‘एजंट’ म्हटले की भागते!) शिवाय वसाहतकाळात मिश्र वंशाच्या लोकांसाठीही हा शब्द वापरला जाई.

बरे, प्राणी म्हणूनही ‘कोल्हा’ हे भाषांतर बरोबर नाही. आपला कोल्हा ही वेगळी प्रजाती; कोयोते उत्तर व मध्य अमेरिकेतला, लांडग्याचा जवळचा नातलग. लबाड म्हणून कोल्ह्याशी त्याचे जमेल, पण वाचकाला या वाक्यातून माणूस दिसत नाही. अशा ठिकाणी सरळ ‘तस्कर’ किंवा ‘दलाल’ लिहावे, किंवा ‘कोयोते’ तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तेथे अर्ध्या ओळीत अर्थ द्यावा.

– एक वाचक, ठाणे