तेवोद्रोस मग्दालाच्या आधीच हरला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस दुसरा याच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात त्याची सगळी कारकीर्द ‘लहरी राजाने गोरे ओलीस धरले आणि राज्य घालवले’ एवढ्यावर आटोपली आहे. ओलिसांचे प्रकरण खरेच. पण राज्य त्याआधीच पोखरले होते, ते पैशाच्या हिशेबाने.

क्वारा भागातला हा कासा हाइलू आधी पुंड, मग बलाढ्य सरदार रास अलीचा जावई. 1853 मध्ये त्याने सासऱ्यालाच हरवले आणि फेब्रुवारी 1855 मध्ये राज्याभिषेक करवून घेतला. त्याआधी जवळजवळ शतकभर राजधानी गोंदरचा बादशहा नावापुरता होता आणि सरदारांची फौज रयतेच्या घरात उतरून, तिच्याच धान्यावर जगत होती. आपल्याकडची मुलूखगिरी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेवोद्रोसने लूट बंद करून सैनिकांना पगार देऊ केला. इथेच घोडे अडले. पगार द्यायचा तर शेतसारा हवा, आणि जमिनीचा मोठा हिस्सा चर्चकडे, तोही करमुक्त. प्रत्येक चर्चला दोन पुरोहित आणि तीन डीकन (दुय्यम पुरोहित) पोसण्यापुरती जमीन ठेवून बाकीची सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांना द्यावी, हा त्याचा बेत. धर्मगुरू अबुना सलामा बिथरले. पुढे ते कैदेतच वारले. चर्च विरोधात गेल्यावर प्रांतोप्रांती बंडे झाली, सारा आटला आणि ज्याने लूट बंद केली त्याच्यावरच स्वतःचा मुलूख लुटून सैन्य पोसायची पाळी आली. सैनिक पळू लागले. 1865 मध्ये शोआ प्रांताचा तरुण राजपुत्र मेनेलिक मग्दाला या तेवोद्रोसच्या डोंगरी किल्ल्यातल्या कैदेतून निसटला, तोही परत हाती लागला नाही.

ओलिसांमागेही कारण होते. कारागीर आणि मदत मागणारे 1862 चे त्याचे पत्र लंडनमध्ये अनुत्तरित पडून राहिले. जानेवारी 1864 मध्ये त्याने ब्रिटिश कॉन्सल कॅमेरॉनला बेड्या घातल्या. गाफातच्या मिशनरी कारागिरांकडून त्याने सुमारे सात टनांची ‘सेवास्तोपोल’ उखळी तोफ ओतून घेतली. ती ओढत नेण्यासाठी डोंगर फोडून वाट करत मग्दाला गाठायला ऑक्टोबर 1867 ते मार्च 1868 एवढा काळ गेला.

ओलिसांना सोडवायला आलेल्या स्वारीला लेखात ‘ब्रिटिश मोहीम’ म्हटले आहे. तिचा सेनापती नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती, आणि सैन्यातला मोठा भाग हिंदी. 44 हत्ती मुंबईहूनच जहाजांनी गेले, ते तोफा वाहायला. सैन्य उतरले त्या तांबड्या समुद्रावरच्या झुलाच्या किनाऱ्यावर गोडे पाणी नव्हते; जहाजांच्या यंत्रांवर समुद्राचे पाणी आटवून ते मिळवावे लागले. तिथून मग्दाला सुमारे 640 किलोमीटर. आज खडकीत मुख्यालय असलेल्या बाँबे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या तुकड्याही वाट करायला होत्या. मुख्य म्हणजे तिग्रे प्रांताच्या दुसऱ्याच एका कासाने, म्हणजे पुढच्या सम्राट योहान्नेस चौथ्याने, वाट मोकळी ठेवली आणि धान्य पुरवले. तो आडवा आला असता तर हे सैन्य उपाशीच अडकते. परतताना नेपियरने त्याला तोफा आणि बंदुका दिल्या.

10 एप्रिलला आरोगेच्या मैदानात तेवोद्रोसच्या तोफांचे गोळे डोक्यांवरून गेले आणि स्नायडर रायफलींपुढे त्याचे सुमारे 700 लोक पडले. इंग्रजांकडे वीसेक जखमी झाले, त्यातले दोघे दगावले. 13 एप्रिल 1868 ला त्याने स्वतःवर गोळी झाडली. पिस्तूल व्हिक्टोरिया राणीने भेट दिलेले.

लेखात त्याच्या मुलाचा उल्लेखच नाही. सात वर्षांच्या अलेमायेहूला इंग्लंडला नेले. तो 1879 मध्ये अठराव्या वर्षी वारला आणि विंडसरला पुरला गेला. अस्थी परत देण्याची इथिओपियाची मागणी 2023 मध्येही बकिंगहॅम राजवाड्याने नाकारली.

आपला,
एक वाचक, पुणे